कळ आणि दिवा
(द्वितीय वर्ष, कला)

कळ दाबली की दिवा लागतो, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात समजून घेण्यासारखे काही असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. घरातली कळ म्हणजे तारेच्या वाटेतले एक दार. दार लावले की वीज वाहते, उघडले की थांबते. तेथे विचार करणारे कोणी नसते. परंतु कळ आणि दिवा यांच्यामध्ये एखादे विचार करणारे यंत्र बसवले, म्हणजे कळीने दिव्याला थेट न सांगता आधी त्या यंत्राला सांगायचे आणि यंत्राने ठरवून दिवा लावायचा, अशी व्यवस्था केली की प्रकरण निराळे होते. दिवा लागेल, पण केव्हा? कळ दाबून ठेवली असेल तोवर? की एकदा दाबून सोडली तरी? दोन कळा एकदम दाबल्या तर कोणाचे ऐकायचे? मधली तार उंदराने कुरतडली तर? या प्रश्नांची उत्तरे या लेखात यथाशक्ती द्यावयाची आहेत.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने असल्या विषयाला हात का घालावा, असे मैत्रिणींनी विचारलेच. प्राध्यापक मंडळीही मनात म्हणत असतील. त्याला माझ्याकडे दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, मी ज्या पाटीवर हे सारे करून पाहिले ती अर्डुइनो नावाची पाटी मुळात अभियंत्यांसाठी तयार झालेलीच नाही. इटलीतील इव्रेआ या गावी कला व अभिकल्प शिकवणारी एक संस्था होती. तेथील विद्यार्थ्यांना विजेचे शास्त्र येत नसतानाही हलणाऱ्या, उजळणाऱ्या वस्तू करता याव्यात म्हणून २००५ साली तेथील काही शिक्षकांनी व सहकाऱ्यांनी ती बनवली. तिच्याआधी त्याच संस्थेतील एर्नान्दो बारागान या कोलंबियाच्या विद्यार्थ्याने पदव्युत्तर प्रबंधासाठी तशाच धर्तीचे काम केले होते. पाटीला नाव मिळाले ते गावातल्या एका गुत्त्यावरून, आणि गुत्त्याला मिळाले होते अकराव्या शतकातल्या आर्दुइन राजावरून! तिचा आराखडा सर्वांना खुला ठेवल्यामुळे आज तशाच पाट्या अनेक जण बनवतात, आणि पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून त्या सहज मिळतात. माझी पाटी पदविकेला असलेल्या मावसभावाने वापरून झालेली आहे. ती चालते, एवढे पुरे.

दुसरे उत्तर आमच्या शेतातले आहे. शिरूर तालुक्यात शेतीपंपांना वर्षानुवर्षे वीज पाळीने मिळत आली, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की घरातल्या कोणीतरी बॅटरी आणि काठी घेऊन विहिरीवर जायचे, स्टार्टरची हिरवी कळ दाबायची आणि बारे देत बसायचे. पूर्वी भीती विंचू-काट्याची, सापाची होती. आता उसात बिबट्या असतो. आमच्या तालुक्याच्या बेट भागात, पिंपरखेडच्या परिसरात, २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली, त्यांत लहान मुलेही होती. तेव्हापासून एका कळीसाठी रात्री दीड वाजता शेतात जाणे ही गोष्ट आमच्या घरी सहज बोलली जात नाही. दादा निघाले की आई दाराशी उभी राहते. ती कळ घरी आणता येईल काय, या प्रश्नापासून मी सुरुवात केली. असो. आता मूळ विषयाकडे वळू.

प्रथम दिवा. पाटीवर जो दिवा लावायचा तो एल.ई.डी., म्हणजे प्रकाश देणारा डायोड. त्यात तार तापून उजेड पडत नाही. अर्धवाहक पदार्थाच्या दोन थरांच्या सांध्यातून वीज जाताना तेथेच उजेड निघतो. डोळ्यांना दिसणारा तांबडा एल.ई.डी. १९६२ साली अमेरिकेत निक होलोनियाक यांनी केला. निळा मिळायला मात्र पुढे तीस वर्षे लागली, आणि त्या निळ्या दिव्यासाठी आकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज घरोघर जो पांढरा दिवा लागतो तो निळ्याच्या पोटी जन्मला आहे.

या दिव्याला दोन पाय असतात. लांब पाय धन बाजूला, आखूड पाय ऋण बाजूला. उलटे लावले तर तो लागत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याला स्वतःला आवर घालता येत नाही. विभवांतर थोडे वाढले की तो भसाभस वीज ओढतो आणि जळतो. म्हणून त्याच्या वाटेत रोध बसवावा लागतो. हिशेब सोपा आहे. पाटी देते ५ व्होल्ट. तांबडा दिवा स्वतःसाठी सुमारे २ व्होल्ट ठेवतो. उरले ३. वाटेत २२० ओहमचा रोध असेल तर ३ भागिले २२०, म्हणजे सुमारे १४ मिलिअँपिअर वीज वाहील. पाटीवरील चिपच्या एका पायाने २० पर्यंत देणे बरे आणि ४० च्या पुढे कधीच नाही, असे तिचे निर्माते सांगतात. म्हणजे १४ मध्ये दिवाही सुखी आणि चिपही. शाळेत ओहमचा नियम मी पाठ केला होता. तो कशासाठी असतो, हे त्या रोधाने सांगितले.

चिप म्हणजेच सूक्ष्मनियंत्रक. ‘उनो’ नावाच्या पाटीवर जी चिप असते तिचे घड्याळ सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके देते. तिच्यात आपला प्रोग्रॅम, म्हणजे आज्ञांची यादी, साठवून ठेवायला ३२ किलोबाइट जागा असते, आणि वीज गेली तरी तो पुसला जात नाही. चालू कामापुरते आठवणीत ठेवायला २ किलोबाइट असतात, आणि ते मात्र वीज गेली की कोरे होतात. हा फरक ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे. चिप यादीतल्या आज्ञा वरून खाली वाचते, संपल्या की पुन्हा वरून सुरू करते, आणि हे रहाटगाडगे अखंड चालते.

आता कळ. दिव्यापेक्षा कळ अवघड आहे, हे ऐकून आश्चर्य वाटेल. चिपच्या एखाद्या पायाला आपण सांगतो की ‘तू ऐकण्याचे काम कर.’ मग तो पाय आपल्यावर किती व्होल्ट आहेत ते पाहतो. दीडपेक्षा कमी असतील तर त्याच्या लेखी शून्य, तीनपेक्षा जास्त असतील तर एक. कळीचे एक टोक या पायाला आणि दुसरे ५ व्होल्टला जोडले, तर दाबल्यावर एक वाचला जाईल हे उघड आहे. न दाबल्यावर काय वाचले जाईल? शून्य, असे कोणीही म्हणेल. पण कळ उघडी असताना तो पाय कशालाच जोडलेला नसतो. तो अधांतरी असतो. शिवाय हा पाय इतका हलका कान असलेला आहे की त्याला ऐकू यायला वीज जवळजवळ लागतच नाही. भिंतीतून जाणाऱ्या तारांची सेकंदाला पन्नासदा होणारी थरथरही तो ऐकतो. नुसते बोट जवळ नेले तरी दिवा लुकलुकू लागतो. आमच्या धाकट्याला तो जादूचा प्रयोग वाटला आणि त्याने शेजारची चार पोरे जमवली.

अधांतरी पायाला कोठेतरी टेकू द्यावा लागतो. चिपच्या आतच त्याची सोय आहे. एका आज्ञेने पाय आणि ५ व्होल्ट यांच्यामध्ये २० ते ५० हजार ओहमच्या दरम्यानचा एक रोध जोडता येतो. इतक्या मोठ्या रोधातून वीज अगदी थेंबभर येते, पण पायाला वर उचलून धरायला तेवढी पुरते. आता कळीचे दुसरे टोक ५ व्होल्टऐवजी जमिनीला, म्हणजे ऋण बाजूला जोडायचे. कळ मोकळी असताना पाय वर, म्हणून एक. कळ दाबली की पाय सरळ जमिनीला टेकतो, म्हणून शून्य. म्हणजे सारे उलटे झाले! दाबली तर शून्य, न दाबली तर एक. शिकणारा येथे हमखास अडखळतो, कारण आपल्या मनात दाबणे म्हणजे ‘हो’ आणि ‘हो’ म्हणजे एक, असे पक्के बसलेले असते. यंत्राच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. कोणत्या खुणेला कोणता अर्थ द्यायचा हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ठरवायचे. भाषाशास्त्राच्या तासाला शब्द आणि अर्थ यांच्या नात्याबद्दल जे ऐकले त्याचे इतके रोकडे उदाहरण मला दुसरे मिळाले नाही.

एवढ्यावर पहिला खेळ होतो. कळ दाबलेली असेल तोवर दिवा लागलेला, सोडली की विझलेला. परंतु यासाठी चिपची गरजच नव्हती, हे काम नुसत्या तारेनेही झाले असते. गंमत पुढे आहे. एकदा दाबून सोडली की दिवा लागावा आणि पुन्हा दाबून सोडली की विझावा, असे हवे असेल तर चिपला दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. ‘कळ दाबलेली आहे’ ही एक स्थिती, आणि ‘कळ दाबली’ ही एक घटना. आपले व्याकरण हा भेद सहज करते. चिपला तो करता येत नाही, कारण ती फक्त आत्ताची स्थिती पाहते. आपण बोट अर्धा सेकंद जरी ठेवले तरी तेवढ्यात ती हजारो फेऱ्या मारते आणि प्रत्येक फेरीत तिला कळ दाबलेलीच दिसते. म्हणून मागच्या फेरीतली स्थिती तिला आठवणीत ठेवायला सांगायची. मागे मोकळी होती आणि आता दाबलेली आहे, असे दिसले तरच घटना घडली.

हे सगळे बरोबर लिहिले तरी दिवा कधी लागतो, कधी लागत नाही. प्रोग्रॅम शंभरदा तपासला तरी त्यात काही सापडत नाही, कारण खोट प्रोग्रॅममध्ये नसून धातूत असते. स्टीलची वाटी फरशीवर पडली की एकदाच वाजून थांबत नाही. टण, टणटण, टणणण करीत स्थिरावते. कळीतल्या पत्र्याचेही तसेच होते. दाबल्यावर तो टेकतो, उडतो, पुन्हा टेकतो, आणि काही सहस्रांश सेकंद हे चालते. आपल्याला त्याचा पत्ता नसतो. पण ५ सहस्रांश सेकंदांत चिपच्या घड्याळाचे ८० हजार ठोके पडतात, आणि प्रत्येक उडी तिला स्वच्छ दिसते. आपण एकदा दाबलेले तिने तीनदा किंवा चारदा मोजलेले असते. तीनदा मोजले तर दिवा लागलेला राहतो, चारदा मोजले तर लागून विझतो. उपाय साधा आहे. पहिला बदल दिसताच लगेच विश्वास ठेवायचा नाही. २० ते ५० सहस्रांश सेकंद थांबायचे, पुन्हा पाहायचे, आणि तेव्हाही दाबलेलीच असेल तरच खरे मानायचे. घाईने निष्कर्ष काढू नका, असे आमचे इतिहासाचे सर सांगतात. चिपला ते आकड्यात सांगावे लागते.

हे मी घरी करीत असता दादा बाजूला बसून पाहत होते. त्यांची शाळा चौथीतच सुटली, पण मोटारीच्या पेटीचे त्यांना काही शिकवावे लागत नाही. हिरव्या कळीने लागणारा आणि तांबड्या कळीने विझणारा दिवा पाहून ते म्हणाले, “अगं, ह्यो तर आपला स्टार्टरच की!” आणि खरोखर तो स्टार्टरच होता. मग त्यांनी पेटी उघडून दाखवली. तिच्यात ना चिप, ना प्रोग्रॅम, पण विचार मात्र सगळा आहे. हिरवी कळ एरवी उघडी असते. ती दाबली की कॉइलमध्ये वीज जाते, कॉइल लोखंडी पट्टी ओढून घेते आणि मोटार चालू होते. बोट काढल्यावरही ती चालू राहते, कारण त्या पट्टीबरोबर एक छोटा संपर्कही जुळतो आणि तो हिरव्या कळीला बगल देऊन कॉइलला वीज पुरवीत राहतो. कॉइल स्वतःच स्वतःला धरून ठेवते. यंत्राची ही स्मृतीच म्हणायची. आणि वीज गेली की पट्टी सुटते, म्हणजे स्मृती कोरी. वीज परत आली तरी मोटार आपोआप चालू होत नाही. वर ज्या २ किलोबाइटांचा उल्लेख केला त्यांचे वागणे नेमके असेच आहे.

तांबडी कळ त्याहून शहाणी. ती एरवी जुळलेली असते आणि दाबल्यावर तुटते. कॉइलची वीज तिच्यातूनच जाते. म्हणून दोन्ही कळा एकदम दाबल्या तर तांबडीचे खरे होते, आणि तांबडीची तार कोठे तुटली तर मोटार बंदच पडते. माझ्या पाटीवर दोन्ही कळा सारख्याच, एरवी उघड्या होत्या. तांबडीची तार काढून पाहिली, तर चिपला काही समजलेच नाही. तिच्या लेखी कोणी तांबडी दाबतच नव्हते. थांबवण्याची तार तुटावी आणि यंत्राला त्याचा पत्ता नसावा, हे भयंकर आहे. तेव्हा दादांच्या पेटीप्रमाणे तांबडी कळ एरवी जुळलेली घेतली. आता मोकळी असताना शून्य, दाबली तर एक, आणि तार तुटली तरी टेकूच्या रोधामुळे एकच. म्हणजे तुटणे हे दाबण्यासारखेच झाले. आणि प्रोग्रॅममध्ये तांबडीची आज्ञा हिरवीच्या नंतर लिहिली. दिवा लावण्याच्या आधी शेवटचा शब्द तिचा असतो, म्हणून दोन्ही दाबल्या तरी दिवा विझतो.

हाच विचार आपल्या जिल्ह्यात फार मोठ्या प्रमाणावर पाहायचा असेल तर दौंडला जावे. आमच्या शिरूरला, म्हणजे जुन्या लोकांच्या घोडनदीला, रेल्वे नाही. पण मामा दौंडला असल्यामुळे सुट्टीत माझा मुक्काम तेथे असतो. दौंडहून मनमाडकडे जाणारा मार्ग १८७८ साली सुरू झाला, तेव्हापासून हे गाव जंक्शन आहे. पूर्वीच्या सिग्नलला लाकडी वा लोखंडी हात असे. तो आडवा असला की थांबा, खाली झुकला की चला. आजही तिकडची जुनी माणसे गाडीला वाट मिळाली की ‘सिग्नल पडला’ म्हणतात, ते त्या हातावरून. हात खाली ओढायला तार असे आणि त्याला पुन्हा आडवा करायला वजन. तार तुटली तर वजनाने हात आपोआप आडवा होई, म्हणजे थांबा. रुळांतून सोडलेल्या विजेचेही तसेच आहे. अमेरिकेत १८७२ च्या सुमारास विल्यम रॉबिन्सन यांनी ही युक्ती काढली. रुळांतून सतत मंद वीज वाहते आणि दुसऱ्या टोकाला एक रिले उचलून धरते. गाडीची चाके दोन रूळ जोडतात, वीज वाटेतच वळते, रिले पडतो आणि सिग्नल तांबडा होतो. रूळ तुटला, तार तुटली, बॅटरी संपली, काहीही झाले तरी रिले पडतो. यात ‘गाडी नाही’ असे म्हणायला वीज लागते, ‘गाडी आहे’ असे म्हणायला लागत नाही.

ज्या स्थानकांवर कळांचे पॅनेल असते तेथे फलाट व रूळ यांचा नकाशा टेबलावर मांडलेला असतो आणि त्यात कळा व दिवे बसवलेले असतात. गाडीला मार्ग द्यायचा तर एक कळ दाबून भागत नाही. मार्ग जेथे सुरू होतो तेथील सिग्नलची आणि तो जेथे जाणार तेथील, अशा दोन कळा बरोबर दाबाव्या लागतात, म्हणजे चुकून कोपर लागून काही होत नाही. आणि दाबल्या तरी सिग्नल लगेच हिरवा होत नाही. आड येणारा दुसरा मार्ग दिलेला नाही ना, सांधे योग्य बाजूला बसून कुलूपबंद झाले ना, रूळ मोकळा आहे ना, हे सारे तपासून मगच मार्गावर पांढऱ्या दिव्यांची ओळ उजळते. त्यावर गाडी आली की तीच ओळ तांबडी होत जाते. तेथे कळ ही विनंती असते, आज्ञा नव्हे. आणीबाणीत दिलेला मार्ग मोडायचा असेल तर तोही तत्काळ सुटत नाही. १२० सेकंद जावे लागतात, कारण तेवढ्यात वेगात आलेली गाडी एक तर थांबेल किंवा निघून तरी जाईल. हे काम पूर्वी रिलेंनी भरलेल्या खोल्या करीत. आता पुष्कळ ठिकाणी सूक्ष्मप्रक्रियक करतात, आणि सिग्नलमध्ये तापणाऱ्या तारेच्या दिव्याजागी एल.ई.डी. आले आहेत.

मग कळ घरी आणण्याचे काय? मोबाईलवरून मोटार चालू-बंद करणारी यंत्रे बाजारात आहेत, पण त्यांना विहिरीवर मोबाईलची रेंज लागते, आणि आमच्या विहिरीवर ती आंब्याखाली उभे राहिल्याशिवाय मिळत नाही. दुसरा मार्ग पुष्कळांनी पत्करलेला, तो म्हणजे ‘ऑटो’. वीज आली की हिरव्या कळीचे काम आपोआप करणारी छोटी पेटी. माणसाला रात्री जावे लागत नाही, हा तिचा मोठाच गुण. पण स्टार्टरमध्ये जो शहाणपणा मुद्दाम घातला होता, वीज परतल्यावर आपणहून चालू न होण्याचा, तोच ती काढून टाकते. कोणी दुरुस्तीला विहिरीत उतरलेले असले तरी तिला कळत नाही. शिवाय वीज येताच डी.पी.वरच्या सगळ्या मोटारी एका क्षणी सुरू होतात. सुरू होताना मोटार चालू असतानाच्या कितीतरी पट वीज ओढते, आणि डी.पी. जळते. ती बदलून मिळेपर्यंत सर्वांचीच पिके उन्हात. महावितरण ऑटो काढायला सांगते ते यासाठी, आणि शेतकरी काढत नाही तो बिबट्यासाठी. दोघांचेही मला चूक वाटत नाही.

यावर एक मधली वाट माझ्या टेबलावर चार कळा आणि चार दिव्यांच्या रूपाने मांडून पाहिली आहे. (खऱ्या मोटारीत ४१५ व्होल्ट असतात. तेथे रिले, बंद पेटी आणि परवानाधारक वायरमन यांच्यावाचून कोणी हात घालू नये. मीही घातलेला नाही.) वीज आली की चिपने लगेच काही करायचे नाही. आधी पिवळा दिवा लुकलुकत ठेवायचा, म्हणजे विहिरीजवळ कोणी असेल तर त्याला समजेल. तेवढ्यात तांबडी कळ दाबली गेली, किंवा कोणी विहिरीत उतरताना तिची तार काढून ठेवली, तर बेत रद्द. ठरलेली मिनिटे गेली की मग हिरवा. ही मिनिटे प्रत्येक पेटीत वेगळी घालता येतात. पहिल्या मोटारीला दोन, दुसरीला तीन, तिसरीला चार, म्हणजे सगळ्यांचा धक्का डी.पी.ला एकदम बसणार नाही. प्रोग्रॅममध्ये हा केवळ एक आकडा बदलण्याचा प्रश्न आहे.

आमच्या डी.पी.वर अकरा मोटारी आहेत. पहिला नंबर कोणी घ्यायचा आणि अकरावा कोणी, हे चिपला ठरवता येत नाही, म्हणून दादांनी ती गोष्ट मारुतीच्या पारावर काढली. दोघे तयार झाले आहेत. तिसरे म्हणतात, आधी दिवे दाखवायला पोरीला पाटी घेऊन इकडे पाठव.